फलक नको, पायरी हवी : जंगलवाटांवरील जीपमालक, चालक आणि परवाना अधिकारी यांना खुले पत्र

जंगलवाटांवर प्रवासी जीप चालवणाऱ्या मालक व चालक बंधूंनो, तसेच या गाड्यांना परवाने देणाऱ्या आणि त्यांचे पासिंग करणाऱ्या अधिकारी महोदयांनो,

सप्रेम नमस्कार.

सत्तरी तालुक्यातील एका धबधब्याच्या वाटेवर, जिथून जीप सुटतात त्या जागी, गेल्या मोसमाच्या अखेरीस एक नवा फलक लागला आहे. ‘६५ वर्षांवरील व्यक्तींनी हा प्रवास टाळावा. केल्यास स्वतःच्या जबाबदारीवर करावा,’ असा त्याचा मजकूर आहे. जागेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका जागेची किंवा एका माणसाची नाही, आणि मी ज्या गोष्टी पुढे मांडणार आहे त्या गोव्यातल्या बहुतेक जंगलवाटांवरच्या गाड्यांना कमीअधिक प्रमाणात लागू आहेत. पण तो फलक वाचल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही. माझ्या थोरल्या बहिणीला जे झाले त्यानंतर काहीतरी सुधारेल अशी मला आशा होती. सुधारणा झाली ती एवढीच, की तिच्यासारख्यांनी यापुढे येऊ नये असे लिहून ठेवण्यात आले.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ३१ वर्षे मोटर मेकॅनिकचा विषय शिकवला. आज माझे वय ६८ आहे. या पत्रात गाडीविषयी जे लिहिले आहे ते त्या अनुभवातून लिहिले आहे, आणि म्हाताऱ्या शरीराविषयी जे लिहिले आहे ते आक्काच्या आणि माझ्या स्वतःच्या शरीराकडून शिकलो आहे.

आक्का ७६ वर्षांची आहे. तिचा आणि माझा जन्म त्याच वाटेवरच्या एका वाड्यावरचा. तिथे आमचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, होते, ओहळाच्या पलीकडे सातेरी देवीचे देऊळ होते, आणि देवळात देवी म्हणून पुजले जाणारे वारूळ आमच्या आजीच्या सांगण्यानुसार तिच्या लहानपणापासून तेवढेच होते. १९६८ साली लग्न होऊन आक्का डिचोलीला आली. लहानपणी ही सगळी वाट तिने अनवाणी तुडवलेली आहे. आज त्या भागात खाजगी गाडी नेता येत नाही, परवानाधारक जीपनेच जावे लागते, आणि जंगलाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तेव्हा आक्काला सातेरीची ओटी भरायची असेल तर पर्यटकांच्या रांगेत उभे राहून जीपमध्ये बसणे हाच एक मार्ग तिला उरतो. आम्ही गेलो ते धबधबा पाहायला नव्हे, ओटी भरायला.

गाडी जुन्या बनावटीची होती, मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, असलेली आणि मागच्या हौद्यात समोरासमोर दोन आडवे बाक असलेली. चढायचे मागच्या बाजूने. फाळका उघडल्यावर पाय ठेवायला बंपर, आणि बंपरवरून आत. आक्काची उंची चार फूट दहा इंच. तिने एकदा पाय उचलून पाहिला, तो बंपरपर्यंत पोहोचला नाही. मग चालकाने वरून दोन्ही हात धरले, भाच्याने मागून कमरेला आधार देऊन उचलले, आणि रांगेत उभ्या असलेल्या वीसपंचवीस अनोळखी माणसांच्या समोर तिला आत घेतले गेले. लुगडे सावरायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. कोणी हसले नाही, उलट दोघे तरुण मदतीला धावले. तरीही आत बसल्यावर तिने पदर चेहऱ्यापर्यंत ओढून घेतला आणि पहिला ओहळ येईपर्यंत ती कोणाशी बोलली नाही. त्या दिवशीचे दुखणे तिथून सुरू झाले होते, असे मी समजतो.

दुसऱ्या ओहळात गाडीचे मागचे चाक एका धोंड्यावर चढले आणि पलीकडच्या खड्ड्यात उतरले. वेग जास्त नव्हता, चालक सावध होता, गाडी लो गिअरमध्ये होती. आक्का सर्वांत मागे, फाळक्याला लागून बसली होती, कारण आत सरकणे तिला जमले नव्हते. ती बाकावरून चार बोटे वर उचलली गेली आणि आदळली. ‘आई गे’ एवढेच तिच्या तोंडून आले. देवळात तिने ओटी भरली, नारळ ठेवला, परतीच्या प्रवासात माझा दंड घट्ट धरून बसली. दोन दिवसांनी सकाळी तिला अंथरुणावरून उठता येईना. इस्पितळात एक्सरे काढला तेव्हा पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने चेपलेला दिसला. पुढचे तीन महिने पट्टा, गोळ्या आणि पाठीवर पडून राहणे यात गेले. आजही तुळशीला पाणी घालताना ती एक हात कमरेवर ठेवते.

त्या चालकावर माझा राग नाही, हे मला स्पष्ट लिहायचे आहे. तो नंतर घरी येऊन गेला, आक्काच्या पायाशी बसला, आणि ‘आमच्या हातात काय होते ते सांगा’ असे त्याने मला विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी महिनाभराने मोजपट्टी घेऊन पुन्हा तिथे गेलो आणि त्याच्याच गाडीची मापे घेतली. बंपर जमिनीपासून ५२ सेंटीमीटर. हौद्याचा तळ ७४ सेंटीमीटर. बाकाची उंची तळापासून २९ सेंटीमीटर आणि रुंदी ३० सेंटीमीटर. पट्टा नाही. पाठीला आधार म्हणून खांद्याच्या खाली संपणारी एक आडवी नळी. डोक्यावरच्या लोखंडी दांड्याला कसलेही वेष्टन नाही. या आकड्यांवरच माझ्या तक्रारी उभ्या आहेत.

पहिली तक्रार पायरीची आहे. आमच्या घराच्या जिन्याची पायरी १७ सेंटीमीटरची आहे आणि आक्का ती कठड्याला धरून रोज चढते. सार्वजनिक जागेतील पायरीची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे १५ सेंटीमीटरपेक्षा, जास्त नसावी असे केंद्राची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ती इमारतींसाठी आहेत, गाड्यांसाठी नाहीत, आणि जंगलात जाणाऱ्या गाडीचा तळ बसगाडीसारखा खाली आणता येणार नाही हे मी जाणतो. गाडीचे पोट दगडाला लागू नये म्हणून ती उंच ठेवावीच लागते. परंतु गाडी उंच असणे आणि तिच्यात चढण्याची सोय नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्तर वर्षांच्या माणसाच्या मांडीत एका पायावर सगळे शरीर ५२ सेंटीमीटर उचलण्याइतकी ताकद राहिलेली नसते. उतरताना तर ते अधिक धोक्याचे, कारण चढताना पाय चुकला तर माणूस गाडीवर टेकतो आणि उतरताना चुकला तर दगडांवर पडतो. मांडीच्या हाडाचा खुबा मोडणे म्हणजे म्हातारपणी काय असते, हे ज्यांच्या घरात झाले आहे त्यांना सांगावे लागत नाही.

यावर उपाय मी स्वतः करून पाहिला आहे. ओळखीच्या वेल्डरकडून अँगलची दोन पायऱ्यांची घडवंची करून घेतली. पहिली पायरी साडेसतरा सेंटीमीटरवर, दुसरी पस्तीसवर, तिथून बंपर सतरा. वर खवल्याखवल्यांचा पत्रा, म्हणजे चिखलाचा पाय घसरत नाही. चारही पायांना जुन्या टायरचे जाड रबर, आणि पायांतले अंतर वरच्यापेक्षा खाली जास्त, म्हणजे ती कलंडत नाही. वजन नऊ किलो. दोन आकड्यांवर ती फाळक्याच्या आतल्या बाजूला अडकते. आक्का पाठीचा पट्टा सुटल्यानंतर आमच्या अंगणात उभ्या केलेल्या एका पिकअपमध्ये त्या घडवंचीवरून एकटी चढली, फक्त हाताला धरायला दांडी लागली. गाडीला कायम जोडलेली घडीची पायरी त्याहून चांगली, मात्र ती चालताना पूर्ण वर उचलली जाऊन अडकली पाहिजे, नाहीतर पहिल्याच धोंड्यावर वाकेल.

दुसरी तक्रार बाकांची आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते, कारण पायरीची अडचण डोळ्यांना दिसते, बाकाची दिसत नाही. मागच्या चाकांच्या वर आणि त्यांच्याही मागे बसलेल्या माणसाला जो हिसका बसतो तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी मोठा असतो. लहान मुलांच्या सी-सॉच्या फळीवर टोकाला बसणारा जास्त वर जातो, मधला कमी जातो, तसेच हे आहे. त्यात मागे पाटे असले की हिसका आणखी कडक होतो. पाटा ओझे वाहण्यासाठी केलेला असतो, गाडी पूर्ण भरलेली नसली की तो लवत नाही, आणि आपल्यापैकी अनेक मालक जास्त प्रवासी बसवता यावेत म्हणून त्यात जादा पाटा टाकतात, हे मी गॅरेजांतून पाहिले आहे. बोलेरोसारख्या गाडीला मागे पाटेच आहेत. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारला मागेही पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहे, पण त्या किमतीची गाडी प्रत्येकाने घ्यावी असे मी म्हणणार नाही.

आता त्या बाकावर बसलेल्या माणसाकडे पाहू. खुर्चीची उंची साधारण ४२ ते ४५ सेंटीमीटर असते, तिथे बसल्यावर पाय जमिनीवर टेकतात आणि धक्का येताना माणूस पायांवर भार घेऊन किंचित उठू शकतो. २९ सेंटीमीटरच्या बाकावर गुडघे कमरेच्या वर जातात, पाठ पुढे वाकते, आणि सगळा धक्का मणक्यांच्या पुढच्या कडेवर येतो. वय झाल्यावर, विशेषतः बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर, हाडे ठिसूळ होतात. छातीच्या मणक्यांचा शेवटचा आणि कमरेच्या मणक्यांचा पहिला, जिथे पाठ वळते त्या दोघांवर सर्वाधिक ताण असतो, आणि तेच सर्वांत आधी चेपतात. त्यासाठी पडावे लागत नाही. बसच्या मागच्या बाकावर बसलेला प्रवासी गतिरोधकावर आदळून असाच मणका चेपून घेतो, ही अस्थिरोगतज्ज्ञांना चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. शिवाय एका जबर हिसक्याबरोबर लहान लहान कंपनेही असतात. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चारपाच हेलकाव्यांच्या आसपास सर्वांत जास्त थरथरतो, आणि खडबडीत वाटेवर गाडी नेमकी त्याच सुमाराला हिंदकळत असते. तरुण माणूस रात्री झोपला की ते विसरतो. आमच्या वयाला ते विसरता येत नाही.

आडव्या बाकाचा आणखी एक दोष आहे. अचानक ब्रेक लागला तर गाडीच्या दिशेने समोर तोंड करून बसलेल्या माणसाला पट्ट्याचा आधार मिळतो. कुशीवर फेकल्या गेलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या अंगाखेरीज आधार नाही. नव्या थारचाही असा समोरासमोर बाकांचा प्रकार सुरुवातीला विक्रीला होता, तो पुढे बंद झाला आणि समोर तोंड केलेल्या आसनांचाच प्रकार राहिला. जुन्या गाड्यांत मात्र तेच बाक चालू आहेत, आणि जंगलवाटेवर तर ते सोयीचे समजले जातात, कारण त्यात माणसे जास्त मावतात. इथे मालक बंधूंना एक गोष्ट कळकळीने सांगतो. या तक्रारीवर उपाय म्हणून आडव्या बाकाला तळात स्क्रू मारून कमरेचे पट्टे लावू नका. पत्र्यात बसवलेला पट्टा ओढ आल्यावर पत्र्यासकट निघतो, आणि आडव्या बसलेल्या माणसाला कमरेचा पट्टा पुरेसा धरतही नाही. जे करायचे ते समोर तोंड केलेले, डोक्यापर्यंत पाठ असलेले आसन आणि तीन बिंदूंचा, म्हणजे खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, पट्टा, आणि त्याचे नट चासीला किंवा जाड पट्टी घातलेल्या जागी बसवलेले. ते होईपर्यंत निदान एवढे करावे, की वयस्क माणसाला चालकाच्या शेजारी किंवा मधल्या रांगेत बसवावे आणि मागच्या टोकाला कधीही बसवू नये. याला एक पैसाही लागत नाही. त्या दिवशी चालकाशेजारच्या आसनावर एक धडधाकट तरुण कॅमेरा घेऊन बसला होता, आणि आम्हालाही त्याला उठवावे हे सुचले नाही.

तिसरी तक्रार हाताला धरण्याची. बसल्यावर धरायला एकच दांडी आणि ती डोक्यावर. ज्यांचा खांदा आखडला आहे त्यांचा हात तिथे जात नाही. चढताना एक आणि बसल्यावर छातीच्या उंचीला एक अशा दोन दांड्या हव्यात, मुठीत पूर्ण येतील अशा जाडीच्या. डोक्यावरच्या लोखंडाला फोम गुंडाळलेला हवा. आमच्यापैकी अनेकजण हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात, आणि त्या गोळीवर असलेल्या माणसाच्या डोक्याला बसलेला साधा टोलाही आत रक्तस्राव करू शकतो.

चौथी तक्रार चाकांतील हवेची आहे. रस्त्यावर ३० पॉइंटच्या (पीएसआय) आसपास असलेली हवा तशीच ठेवून आपण दगडांच्या वाटेवर उतरतो, कारण परतताना पुन्हा भरायची तर सुटण्याच्या जागी कॉम्प्रेसर नाही. हवा २०-२२ पॉइंटपर्यंत उतरवली आणि वेग कमी ठेवला तर टायर लहान दगड स्वतःच्या पोटात घेतो, पकडही वाढते. त्याहून खाली नेली तर टायरची बाजू धारदार चिऱ्यावर फाटते, म्हणून मर्यादा पाळावी लागते, आणि डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी हवा भरावीच लागते. सुटण्याच्या प्रत्येक जागी एक कॉम्प्रेसर आणि एक खरा दाबमापक एवढ्या सोयीने प्रवासाचा जो फरक पडेल तो प्रवाशालाच नव्हे, गाडीच्या सांध्यांनाही जाणवेल.

आता अधिकारी महोदयांकडे येतो. पासिंगच्या वेळी या गाड्यांचे ब्रेक, दिवे, धूर, कागदपत्रे तपासली जातात. प्रवासी वाहनाचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते, म्हणजे तपासण्याची संधी वारंवार येते. त्या तपासणीत प्रवासी चढतो कसा, बसतो कसा, धरतो कशाला, हे कोणी विचारल्याचे मी एकदाही पाहिलेले नाही. उलट एखाद्या मालकाने स्वतःहून पायरी जोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो फेरबदल ठरेल की काय, अशी भीती त्याला वाटते. निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलापेक्षा वेगळी गाडी करू नये, हा त्या कलमाचा हेतू मला पूर्ण मान्य आहे, कारण मनमानी वेल्डिंगने चासी कमकुवत झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पण घडीची पायरी, धरायची दांडी, फोम, आसनाची गादी यांतले काय विनापरवाना चालेल, कशाला लेखी मंजुरी लागेल आणि कशाला पूर्ण बंदी आहे, हे मराठी-कोंकणीत एका पानावर लिहून दिलेले कोणत्याही मालकाच्या हातात नाही. ज्या मालकाशी मी बोललो त्याने मला सांगितले, ‘मास्तर, पायरी लावली आणि पासिंगला अडवली तर मोसम जाईल.’ त्याचे म्हणणे खोटे नाही.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम ४१ वाहतुकीच्या सर्व साधनांविषयी आहे. तांत्रिकदृष्ट्या शक्य व सुरक्षित असेल, खर्च परवडणारा असेल आणि रचनेत मोठे बदल लागत नसतील तेथे जुन्या वाहनांतही सुगमतेची सोय बसवावी, असे ते सांगते. प्रत्येक म्हातारा माणूस दिव्यांग नसतो, आणि आक्काला तसे म्हटले तर ती रागावेल. पण ज्याचे गुडघे वाकत नाहीत त्याला हवी असलेली पायरी आणि ज्याचे वय झाले त्याला हवी असलेली पायरी एकच आहे, आणि कायद्याने घातलेल्या चारही अटी त्या नऊ किलोच्या घडवंचीला लागू पडतात.

आणि आता तो फलक. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत ६० वर्षांवरील माणसे ११.२ टक्के होती. देशाचा आकडा ८.६ होता, आणि केरळच्या खालोखाल सर्वांत जास्त प्रमाण आपल्याच राज्याचे होते. त्यालाही आता दशकाहून अधिक काळ लोटला आहे, मुले बाहेरगावी आणि परदेशी आहेत, घराघरांत दोन म्हातारी माणसे राहतात. ती सुट्टीत आलेल्या नातवंडांबरोबर जंगलात जाऊ इच्छितात. काहींची देवळे तिथे आहेत, काहींचे वाडे तिथे होते. डोंगराच्या पायथ्याच्या कितीतरी वाड्यांवरून आजही म्हातारी माणसे रेशन, बँक आणि डॉक्टर यांच्यासाठी अशाच गाड्यांच्या हौद्यात बसून खाली येतात, आणि त्यांना तर प्रवास टाळण्याचा पर्यायही नाही. अशा राज्यात वयाचा आकडा लिहून एक सबंध पिढी दारातून परत पाठवणे मला मान्य नाही. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ हे शब्द तर मला फार लागले. आक्काने स्वतःची जबाबदारी घेतली होती. काठी घेतली होती, गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या, सकाळपासून पाणीही बेताने प्यायली होती, कारण वाटेत उतरायची सोय नाही हे तिला ठाऊक होते. गाडीची पायरी मात्र तिच्या पिशवीत मावणारी नव्हती.

वयावरून ठरवण्याऐवजी खरी माहिती द्या, अशी माझी विनंती आहे. प्रवास किती किलोमीटरचा, किती वेळाचा, किती ओहळ ओलांडायचे, चढण्याची पायरी किती उंच, वाटेत शौचाची सोय आहे की नाही, हे तिकिटाच्या खिडकीवर लिहा. ज्यांचा मणका पूर्वी चेपलेला आहे, ज्यांना डॉक्टरांनी हाडांच्या ठिसूळपणाचे निदान सांगितले आहे, ज्यांची पाठीची किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये, असेही जरूर लिहा. तीस वर्षांच्या माणसालाही ते लागू पडेल, आणि ऐंशी वर्षांच्या धडधाकट बाईला पडणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. पावसात या वाटा बंद असतात तेवढ्या काळात, म्हणजे ऑक्टोबरात मोसम सुरू होण्यापूर्वी, प्रवासी वाहून नेणाऱ्या प्रत्येक जंगलवाटेवरील गाडीत सुटी किंवा घडीची पायरी आणि दोन दांड्या असाव्यात. डोक्यावरच्या लोखंडाला वेष्टन असावे. वयस्क प्रवाशांना पुढच्या व मधल्या आसनांवर प्रथम हक्क असावा आणि तो तिकिटावर छापलेला असावा. प्रत्येक सुटण्याच्या जागेवर निदान काही गाड्या समोर तोंड केलेल्या आसनांच्या, उंच पाठीच्या आणि तीन बिंदूंच्या पट्ट्याच्या असाव्यात, ज्या आदल्या दिवशी सांगून मिळवता येतील, आणि त्यांचे भाडे थोडे जास्त ठेवावे लागले तर आमची हरकत नाही. कलम ५२ च्या संदर्भात काय चालेल आणि काय चालणार नाही याचे लेखी स्पष्टीकरण परवाना अधिकाऱ्यांनी मराठी आणि कोंकणीत द्यावे आणि या सोयी पासिंगच्या तपासणीत घ्याव्यात.

सुटण्याच्या आणि उतरण्याच्या जागी चिऱ्यांचा ओटा बांधावा. या मागणीवर मी थोडा रेंगाळतो, कारण ती आपल्या मातीतली आहे. आपल्या घरांच्या सोप्यावर, म्हणजे बसायच्या बांधीव ओट्यावर, बसलेला म्हातारा माणूस जितक्या सहज उठतो तितक्या सहज तो कोणत्याही खुर्चीवरून उठत नाही, कारण सोपा बांधताना गवंड्याने माणसाच्या गुडघ्याचे माप घेतलेले असते. तसाच, हौद्याच्या तळाशी समपातळीत येईल असा, पाचएक पायऱ्यांचा, एका बाजूला कठडा असलेला चिऱ्यांचा ओटा केला आणि गाडी उलटी घेऊन त्याला लावली, तर चढण्याचा प्रश्नच उरत नाही. जंगलाच्या हद्दीत वन खात्याची परवानगी लागेल. तिथे सिमेंट न वापरता रचलेला, हवा तेव्हा उचलता येणारा ओटा करता येईल.

शेवटची मागणी नोंदवहीची. प्रवासात किंवा प्रवासानंतर आठवड्याभरात ज्याला इजा झाली त्याची नोंद प्रत्येक सुटण्याच्या जागी ठेवावी, गाडीत तो कुठे बसला होता यासह. आक्काची नोंद कुठेही नाही. ती त्या दिवशी स्वतःच्या पायांनी उतरून घरी गेली, त्यामुळे तुमच्या लेखी काहीच घडलेले नाही.

चालक बंधूंसाठी एक गोष्ट मागणी म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून लिहितो. धोंड्यावर चढताना दोन्ही चाके एकदम नेण्यापेक्षा एकेक चाक तिरपे चढवले आणि उतरताना पायाने ब्रेक हलका धरून चाक खड्ड्यात ठेवल्यासारखे सोडले, तर आदळण्याचा हिसका निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. ओहळाआधी क्षणभर थांबून ‘आता धक्का बसेल, दांडी धरा’ एवढे म्हटले तरी आमचे शरीर तयार होते. तुमच्यापैकी पुष्कळजण हे करताही असतील, त्यांचे मी आभार मानतो.

माझ्याकडून जे होण्यासारखे आहे ते करायला मी तयार आहे. घडवंचीचा नकाशा मापांसह माझ्याकडे आहे, जो मालक मागेल त्याला तो विनामूल्य मिळेल. कोणाच्या गाडीत पायरी किंवा दांडी कुठे बसवावी हे पाहायला मी स्वतः येईन, आणि अधिकाऱ्यांनी बोलावले तर घडवंची घेऊन कार्यालयात येईन. आक्कालाही बरोबर घेऊन येईन, कारण तिची तशी इच्छा आहे. नवरात्रात सातेरीला जायचे आहे, असे तिने मला कालच सांगितले. डॉक्टरांनी तिला पुढच्या आसनावर, पट्टा लावून आणि पाठीमागे उशी घेऊन जायला परवानगी दिली आहे. गाडी मिळेल का, हे तुम्ही सांगायचे आहे.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपला,
मोटर मेकॅनिक विषयाचा एक निवृत्त शिक्षक,
डिचोली, गोवा